ग्रानादाहून आल्पुहारा : पाण्याच्या पाटांवरून एक दिवसाची भटकंती

सह्यकन्या

दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठात एका सत्रासाठी शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला आल्हाम्ब्रा हा जुना राजवाडा दाखवायला सगळेच उत्सुक असतात. पण ज्या सिएरा नेवादाचे बर्फ शहरातल्या गच्च्यांवरून दिसते, त्या पर्वताच्या दक्षिण उतारावर काय आहे, हे सांगणारे मला इथे फार थोडे भेटले. त्या उतारावरचा मुलूख म्हणजे आल्पुहारा. तिथल्या पोकेइरा नदीच्या घळीत तीन गावे एकाखाली एक वसली आहेत. सर्वांत वर कापिलेइरा, मध्ये बुबियोन आणि खाली पांपानेइरा. मे महिन्यातल्या एका दिवसात मी ती पायी पाहिली, आणि तिथल्या पाण्याविषयी सविस्तर लिहावे म्हणून हा धागा काढते आहे.

ग्रानादाच्या बसस्थानकावरून सकाळची बस धरली की कापिलेइराला पोहोचायला सुमारे अडीच तास लागतात. शहर सोडल्यावर थोड्याच वेळात ८६५ मीटर उंचीची एक खिंड लागते. १४९२ साली राज्य गमावून निघालेला ग्रानादाचा शेवटचा मुसलमान सुलतान बोआबदिल याने इथून मागे वळून पाहिले आणि निःश्वास सोडला, अशी आख्यायिका असल्याने खिंडीचे नावही ‘मूराचा (म्हणजे इथल्या मुसलमानाचा) निःश्वास’ असेच पडले आहे. पुढे लेक्रीन खोऱ्यातल्या संत्र्यांच्या बागा, मग झऱ्यांच्या पाण्यासाठी प्रसिद्ध असलेले लांहारोन, मग ओर्हिवा हे बाजाराचे गाव. ओर्हिवानंतर रस्ता वळणे घेत चढू लागतो आणि ऑलिव्हची झाडे मागे पडून बदाम, अंजीर आणि चेस्टनट दिसू लागतात.

बसने थेट कापिलेइराला जाऊन तिथून खाली उतरत यावे, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. कापिलेइरा १४०० मीटरांहून उंचावर आहे आणि पांपानेइरा हजार मीटरांच्या थोडे वर, त्यामुळे चाल उताराची होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपण पाण्याच्याच वाटेने खाली येतो.

गावाच्या वरच्या अंगाला दगडी फरशीची जुनी गोल खळी आहेत. एकेकाळी तिथे गहू आणि राय हे गव्हासारखे धान्य मळले जात असे. तिथे उभे राहिले की संपूर्ण घळ डोळ्यांखाली येते. तीव्र उतारावर कोरड्या दगडांच्या ताली रचून केलेल्या शेकडो लहान पट्ट्या दिसतात. त्यांच्या वरून, डोंगराच्या समपातळीला धरून, एक हिरवी रेघ गेलेली दिसते. ती रेघ म्हणजे पाट, इथल्या भाषेत आसेकिया. रेघेच्या खाली चेस्टनट, अक्रोड आणि भाजीपाला, तर रेघेच्या वर काटेरी झुडपे आणि उघडा खडक, इतका स्पष्ट फरक मी यापूर्वी कुठल्याही डोंगरावर पाहिला नव्हता.

पाटाच्या कडेच्या पायवाटेने चालताना एक वृद्ध शेतकरी फावड्याने गाळ काढताना भेटले. माझे स्पॅनिश कामचलाऊ असले तरी त्यांना बोलायची हौस होती. त्यांनी सांगितलेली आणि नंतर आमच्या प्राध्यापकांकडून मी समजून घेतलेली पद्धत अशी आहे. एप्रिल ते जूनमध्ये बर्फ वेगाने वितळते, तेव्हा खालच्या शेतांना एवढ्या पाण्याची गरज नसते. ते तसेच सोडले तर पोकेइरातून ग्वादाल्फेओ नदीत आणि तिथून भूमध्य समुद्रात निघून जाईल. म्हणून हे लोक पार वर, बर्फाच्या कडेशी, पाटांनी पाणी आडवे वळवतात आणि जिथे खडक भेगाळलेला आहे अशा ठरावीक जागी ते जमिनीत मुरू देतात. मुरलेले पाणी डोंगराच्या पोटातून सावकाश झिरपत जाते आणि बर्फ संपून उन्हाळा कडक झाला की खालच्या झऱ्यांतून बाहेर येते. अशा पाटांना ‘कारेओ’चे पाट म्हणतात. यांत ना धरण आहे ना पंप. वरच्या कुठल्या जागी सोडलेले पाणी खालच्या कुठल्या झऱ्याला, किती दिवसांनी लागते, ही माहिती पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आली आहे.

शेतांना पाणी देणारे पाट वेगळे. तिथे प्रत्येकाची पाळी तासांच्या हिशेबाने ठरलेली असते आणि ती पाळी रात्री दोनला आली तर रात्री दोनला उठावे लागते. पाटांची देखरेख करणारा माणूस, म्हणजे आसेकिएरो, पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळाने नेमलेला असतो. त्या आजोबांनी हे काम तरुणपणी केले होते. आता पट्ट्या कसणारे फारच थोडे उरले आहेत, हे सांगताना त्यांनी समोरच्या उतारावरच्या पडक्या ताली एकेक करून दाखवल्या आणि त्या कोणाच्या होत्या तेही सांगितले.

कापिलेइराहून बुबियोन आणि तिथून पांपानेइरा या चालीत घरांनीही मला खिळवून ठेवले, पण त्याविषयी कोणी विचारल्यास लिहीन. पांपानेइराच्या एका गल्लीत मधोमध दगडी पन्हळीतून पाणी वाहत जाते. दिवसभर वर पाहिलेल्या पाटांचे पाणी गावात शिरून असे वाहताना दिसले, तेव्हा या मुलखात घर, शेत आणि डोंगर वेगवेगळे पाहताच येत नाहीत, हे मला पटले.

पांझराकाठ

सह्यकन्याताई, तुमचा लेख वाचून फार आनंद झाला. मी साक्री तालुक्यातला शेतकरी आहे. आमच्याकडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षांपासून चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या आणि गावाचे ओलिताखालचे क्षेत्र फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेले, अशी तिची रचना आहे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पुढच्या वर्षी फड बदलायचा. पाण्याचे वाटप पाटकरी करतो, पिकाची राखण जागल्या करतो आणि सर्वांवर हवालदार असतो. शेतकऱ्याने स्वतः पाणी वळवायचे नाही, हा त्यातला मुख्य नियम आहे, कारण भांडणाचे मूळ तिथेच असते. तुमच्या आल्पुहारात पाळी आली की शेतकरी स्वतः दारे धरतो की आसेकिएरो धरतो, हे जाणून घ्यायला आवडेल. त्यावरून गावातल्या भांडणांचा अंदाज येतो.

सह्यकन्या

काका, हा प्रश्न मला तिथे सुचला असता तर किती बरे झाले असते. मला जेवढे समजले त्यानुसार मुख्य पाटाची जबाबदारी आसेकिएरोकडे असते. गाळ काढणे, फुटलेली कड बुजवणे आणि ठरलेल्या वेळी पाणी ठरलेल्या फाट्यावर सोडणे ही त्याची कामे आहेत. फाट्यापासून पुढे आपल्या पट्टीत पाणी घेण्याचे काम शेतकरी स्वतः करतो. इथे पट्ट्या इतक्या लहान आणि पिके इतकी मिश्र आहेत की तुमच्याकडच्यासारखे एका फडात एक पीक घेणे शक्यच होणार नाही. एकाच पट्टीत बटाटे, घेवडा, मिरची आणि बांधाला अक्रोड असे मी पाहिले. वसंतात सर्वांनी मिळून पाट साफ करण्याची प्रथा मात्र इथे आहे.

बंदिस्त_नलिका

मी पाटबंधारे खात्यात बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे थोडे वेगळे मत मांडतो. मातीच्या पाटातून वाहून नेलेल्या पाण्याचा मोठा भाग वाटेतच गळतो. ज्या देशाच्या दक्षिण भागात वारंवार दुष्काळ पडतो, तिथे हे पाणी नळातून नेऊन ठिबकने दिले तर तेवढ्याच पाण्यात अधिक क्षेत्र भिजेल. आपल्याकडेही आता उघड्या कालव्यांऐवजी बंदिस्त नलिका टाकल्या जात आहेत. परंपरेबद्दल आदर असूनही असे वाटते की पर्यटकाला सुंदर दिसणारी गोष्ट शेतकऱ्याच्या हिताची असेलच असे नाही.

सह्यकन्या

सर, आपला मुद्दा मी गांभीर्याने घेते, कारण अगदी हाच वाद आमच्या वर्गात झाला आणि तिथे मीही सुरुवातीला नळाच्या बाजूने होते. ज्या ठिकाणी पाणी लांबच्या धरणातून सपाट शेतात जाते तिथे आपले म्हणणे योग्यच आहे. परंतु आल्पुहाराच्या डोंगरावर पाटातून गळणारे पाणी वाया जात नाही. त्या गळतीवर पाटाच्या कडेचे चेस्टनट आणि ओक वाढतात, त्यांच्या मुळांनी उतारावरची माती धरून ठेवली जाते आणि उरलेले पाणी खालच्या झऱ्यात उतरते. वरच्या गावाने सांडलेले पाणी खालच्या गावाच्या वाट्याला येते. काही ठिकाणी पाटाला सिमेंट किंवा प्लास्टिकचा नळ घातल्यावर कडेची झाडे वाळली आणि खालचे झरे आटले, असे इथले अभ्यासक सांगतात. शिवाय कारेओच्या पाटांचा उद्देशच पाणी मुरवण्याचा असल्यामुळे त्यांची गळती थांबवणे म्हणजे त्यांचे काम थांबवणे होईल.

शेतकऱ्याच्या हिताचा प्रश्न मात्र उरतोच आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. खाली किनाऱ्यावर, मोत्रिलच्या बाजूला, आंबा, अवोकाडो आणि सीताफळाच्याच कुळातल्या चिरिमोयाच्या बागा आहेत. त्यांना बाजारभाव मिळतो. वरच्या गावातला बटाटा किंवा अक्रोड विकून आजच्या काळात संसार चालत नाही. पाण्याची व्यवस्था टिकवायची तर ती राबवणारी माणसे डोंगरावर राहिली पाहिजेत, आणि ती राहतील एवढे उत्पन्न त्या लहान पट्ट्या देत नाहीत. मला या प्रवासात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच होती.

बंदिस्त_नलिका

झऱ्यांचा मुद्दा मान्य आहे. भूजलाचे पुनर्भरण धरले तर ‘गळती’चा हिशेब पूर्ण खोऱ्याचा करायला हवा, एका पाटाचा करून चालणार नाही. आपल्याकडे पाझर तलावांच्या बाबतीत आपण तो तसा करतोच. तरीही भाजीपाल्याच्या पट्टीत, पाटाच्या शेवटच्या टोकाला, ठिबक वापरायला हरकत नसावी.

सह्यकन्या

अजिबात हरकत नसावी, आणि काही जण तसे करतातही.

बखरीतला_वाटसरू

चर्चेत इतिहासाची एक बाजू जोडावीशी वाटते. ग्रानादाने २ जानेवारी १४९२ रोजी शरणागती पत्करली तेव्हा झालेल्या तहात मुसलमान प्रजेला धर्म आणि रीतिरिवाज पाळण्याची मुभा दिली होती. दहा वर्षांच्या आतच सक्तीची धर्मांतरे सुरू झाली. अशा धर्मांतरितांना मोरिस्को म्हणत. १५६७ साली त्यांची अरबी भाषा, पेहराव आणि चालीरीती यांवर बंदी आली आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात आल्पुहारात बंड उभे राहिले. १५७१ पर्यंत ते चालले. राजा दुसरा फिलिप याचा सावत्र भाऊ डॉन हुआन याने ते मोडून काढले. त्यानंतर मोरिस्कोंना इथून हाकलून स्पेनच्या मध्य भागातल्या कास्तियच्या गावोगावी पांगवण्यात आले आणि १६०९ पासून तर संपूर्ण देशातूनच बाहेर काढले गेले.

रिकाम्या झालेल्या गावांत उत्तरेकडून, गालिसिया, लेओन अशा प्रांतांतून, कुटुंबे आणून वसवली गेली. त्यांच्यात जमीन वाटण्यासाठी गावोगावची घरे, शेते, तुती, ऑलिव्ह आणि चेस्टनटची झाडे आणि पाण्याचे हक्क यांची नोंदवही करण्यात आली. या वह्या आजही अभ्यासकांना उपलब्ध आहेत. जे लोक हाकलले गेले त्यांनी पाणी कसे वाटले होते, हे त्यांना हाकलणाऱ्या राज्याच्याच दप्तरात लिहून ठेवलेले आहे. पाट दाखवायला आणि ताली राखायला काही मोरिस्को कुटुंबांना मागे ठेवले होते, अशी तिथे परंपरेने सांगितली जाणारी गोष्टही आहे. सह्यकन्या, तुम्ही भेटलेले आजोबा बहुधा त्या उत्तरेकडून आलेल्यांचे वंशज असावेत, म्हणजे साडेचारशे वर्षे एका समाजाने दुसऱ्या समाजाची विद्या चालवली.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. प्रत्येक पाट ‘मूरांनी बांधलेला’ असे सरसकट म्हणणे बरोबर नाही, कारण नंतरच्या शतकांतही पाट वाढवले आणि दुरुस्त केले गेले.

माळवदावरची_रात्र

घरांविषयी कोणी विचारल्यास लिहीन असे तुम्ही म्हटले आहे, म्हणून विचारते. फोटोंत या गावांची छपरे सपाट आणि राखाडी दिसतात. बर्फ पडणाऱ्या डोंगरात सपाट छप्पर कसे टिकते? माझे माहेर सोलापूर जिल्ह्यातले. आमचे जुने घर माळवदाचे आहे, त्यामुळे उत्सुकता आहे.

सह्यकन्या

ताई, हा प्रश्न माझ्या मनाजवळचा आहे. तिथल्या घराच्या भिंती जाड दगडी आणि चुन्याने रंगवलेल्या असतात. त्यांवर चेस्टनटच्या तुळया, तुळयांवर आडव्या लाकडी पट्ट्या, त्यांवर पातळ दगडी लाद्या आणि सर्वांत वर ‘लाउना’ नावाच्या राखाडी मातीचा थर, अशी छपराची रचना असते. तिथल्याच खडकाच्या झिजेतून तयार झालेली ही चिकणमाती भिजली की फुगून घट्ट बसते आणि पाणी खाली उतरू देत नाही. दर काही वर्षांनी नवा थर द्यावा लागतो आणि तो चंद्र उतरणीला लागला असताना द्यावा असा तिथला जुना संकेत आहे. बर्फ साचले की ते फावड्याने ओढून काढतात. शरद ऋतूत याच गच्चीवर मिरच्या, अंजीर आणि मक्याची कणसे वाळत घालण्याची रीत होती. गल्लीच्या दोन बाजूंची घरे वरच्या वर जोडणारे छताखालचे मार्ग असतात, त्यांना ‘तिनाओ’ म्हणतात. उन्हात आणि बर्फात त्यांच्याखाली उभे राहायला जागा मिळते. या तीन गावांना १९८२ साली ऐतिहासिक वस्ती म्हणून संरक्षण मिळाल्यामुळे मनाला येईल तसे बांधकाम तिथे करता येत नाही.

माळवदावरची_रात्र

आमच्याकडेही कडीपाटावर चिपा, त्यावर माती आणि सर्वांत वर पांढरी मातीच असते, आणि पावसाळ्याआधी ती चोपून घ्यावी लागते. उजेडासाठी मध्ये सवणे ठेवलेले असते. चोपणारी माणसे आता मिळेनाशी झाल्यामुळे भावाने गेल्या वर्षी अर्ध्या घरावर पत्रे टाकले. लाउनाचे काम करणारे कारागीर तिथे अजून मिळतात का?

सह्यकन्या

मिळतात, पण कमी. बऱ्याच छपरांत आता लाउनाखाली प्लास्टिकचा कागद घालतात, म्हणजे गळतीची चिंता राहत नाही आणि वरून गावाचे रूपही बदलत नाही. तुमच्या भावाला घराच्या उरलेल्या अर्ध्या भागासाठी हा उपाय विचारात घेता येईल.

तुरियातीर

मी व्हॅलेन्सियात राहतो. पांझराकाठ यांनी भांडणांचा विषय काढला म्हणून सांगतो. इथे तुरिया नदीच्या पाटांवरच्या शेतकऱ्यांचे स्वतःचे न्यायालय आहे. दर गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला मुख्य चर्चच्या दारासमोर, रस्त्यावरच, ते भरते. आठ पाटांचे निवडून दिलेले प्रतिनिधी काळे अंगरखे घालून गोलाकार बसतात, तक्रार तोंडी ऐकतात आणि निकाल तिथल्या तिथे देतात. वकील नसतो. ज्या पाटावरचा तंटा असेल त्या पाटाचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही. २००९ साली युनेस्कोने मुर्सियाच्या अशाच मंडळासह या न्यायालयाला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. बहुतेक गुरुवारी एकही तक्रार नसते आणि सभा काही क्षणांत संपते, तरी ती भरवली जातेच.

पांझराकाठ

वकील नाही आणि ज्याचा पाट तो निकालात नाही, हे दोन्ही नियम आमच्या गावाने ऐकायला हवेत. धन्यवाद.

सप्टेंबरची_वाट

ताई, मी सप्टेंबरात शिकायला ग्रानादाला येत आहे. मी शाकाहारी आहे आणि मला स्पॅनिश जेमतेम येते. ही सहल शरद ऋतूत करता येईल का, आणि जेवणाचे काय?

सह्यकन्या

शरद ऋतूत अवश्य कर. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत चेस्टनट पिकतात आणि सगळा उतार पिवळा होतो. मात्र त्या काळात पाटांना पाणी कमी असते आणि दिवस लहान असतो, त्यामुळे सकाळचीच बस धर. बसच्या फेऱ्या मोजक्या असतात, म्हणून परतीची वेळ स्थानकावर आधीच विचारून घे.

जेवण दुपारी दोननंतरच मिळते. तिथल्या प्रसिद्ध थाळीत डुकराच्या मांसाचे अनेक प्रकार असतात, परंतु त्याच थाळीतले कांदा आणि हिरव्या मिरच्यांबरोबर ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेले बटाटे स्वतंत्र मागता येतात, आणि तू अंडे खात असशील तर पोटभर जेवण होते. तळलेली वांगी उसाच्या काकवीबरोबर देतात, ती जरूर खा. बदाम आणि लसणाचे गार सार मिळाले तर तेही चांगले. भाजी किंवा सूप मागवताना ‘सिन हामोन’, म्हणजे हॅमशिवाय, असे आधीच सांग, कारण तिथे हॅमचे तुकडे वरून घालणे इतके सवयीचे आहे की ते मांसाहारात मोजलेच जात नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या विद्यापीठातल्या पुरातत्त्वाच्या अभ्यासकांचा एक गट गावकऱ्यांबरोबर सोडून दिलेले पाट पुन्हा वाहते करण्याचे काम करतो आणि त्यात विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून जाऊ शकतात. आल्पुहारातल्याच कान्यार गावाचा बंद पडलेला पाट त्यांनी असाच मोकळा केला. भाषा जेमतेम असली तरी फावडे चालवता येते, आणि दिवसभर गावकऱ्यांबरोबर काम केल्यावर भाषाही येऊ लागते. मोहिमा बहुधा बर्फ वितळण्याच्या आधी असतात, तेव्हा नाव नोंदवायचे असल्यास हिवाळ्यातच चौकशी कर. बूट जाड तळव्याचे आण, कारण पाटाची कड ओली आणि निसरडी असते.